तानूच्या पाच बाटल्या

तानूची दुसरी म्हैस पडली तेव्हा मी तळ्याच्या कडेला उकिडवी बसून बाटली भरत होते. म्हैस माझ्यापासून चार हातांवर पडली. आधी मागचे पाय दुमडले, मग ती कुशीवर कलंडली आणि पोहताना मारतात तसे चारी पाय मारायला लागली. तोंडातून हिरवा फेस येत होता. तानू तिचं डोकं मांडीवर घ्यायला बघत होती आणि ते तिला पेलत नव्हतं.

"अक्का, सोडा की ती बाटली," तानू म्हणाली. "हिला धरू लागा."

वर बांधावरून आमच्या केंद्राच्या मॅडम म्हणाल्या, "मावशी, हात थांबवू नका. आत्ताचंच पाणी पाहिजे."

मी हात थांबवला नाही. पाच बाटल्या भरल्या, बुचं लावली, बर्फाच्या पेटीत ठेवल्या आणि मग तानूकडे गेले. तोवर म्हैस गेली होती. पहिली जरा आधीच गेली होती. तिसरी लिंबाखाली थरथरत उभी होती. तानू माझ्याकडे बघत होती. रडत नव्हती.

तानू म्हणजे माझी धाकटी जाऊ. नवरा वारल्यावर तीन म्हशींच्या दुधावर तिनं घर चालवलं. तिचं घर तळ्याला लागून, माझं तिच्या पलीकडे. मी एकोणीस वर्षं पाणी आणि माती तपासायच्या एका केंद्रात काम केलं. हुद्दा मदतनीस, काम बाटल्या धुणं. शिक्षण चौथी पास. दिवाळी अंकवाले म्हणाले, तुमच्या कामातलं काही लिहा. आमच्याकडे काय काय तऱ्हेचे लोक यायचे ते लिहिता आलं असतं. एक जण भावाच्या विहिरीचं पाणी घेऊन आला होता आणि ते नापास व्हावं म्हणून बाकावर बसून वाट बघत होता. पास झालं तर म्हणाला, "परत बगा की नीट." एकानं दारूच्या क्वार्टरमध्ये पाणी आणलं आणि पाण्याला वास येतो अशी तक्रार केली. असं पुष्कळ आहे. पण लिहायला बसले की मला ह्या पाच बाटल्याच दिसतात, म्हणून त्याच लिहिते.

आमच्या तळ्याला काही वर्षं हिरवी साय धरायला लागली होती. पाऊस सरला, ऊन तापलं की पाणी घट्ट व्हायचं. मॅडम म्हणाल्या, पाण्यात फॉस्फेट जास्त झालं की असं शेवाळ माजतं, आणि त्यातलं काही शेवाळ विषारी असतं. फॉस्फेट म्हणजे खतात असतं ते. पिकाला लागतं, माणसाच्या हाडात असतं, विष नव्हे. पण तळ्यात साचलं की शेवाळाचं पीक येतं. आता हे फॉस्फेट येतं कुठून? उसाच्या रानातून येतं, गावच्या गटारातून येतं, की वरच्या माळावर अण्णांच्या पोल्ट्रीचा कोंबडखताचा खड्डा आहे तिथून येतं? अण्णांचं म्हणणं, खड्ड्याचं पाणी ओढ्यापर्यंत जातं, पण ओढ्याला बंधारा घातलाय, खाली तळ्यात थेंब येत नाही. मॅडमना वाटायचं, बंधाऱ्याच्या बुडाखालून पाझरतं. मलाही वाटायचं. पण वाटणं वेगळं आणि बाटलीत सापडणं वेगळं.

बाटलीत सापडायचं कसं, तर खूण करून. शेरडांच्या कळपात आपलं शेरडू ओळखायला त्याच्या कानाला कातर मारतात, तसं. फॉस्फेटमध्ये ऑक्सिजन असतो. साध्या ऑक्सिजनपेक्षा थोडा जड असा एक ऑक्सिजन असतो. दिसायला, चवीला, कामाला सारखाच, नुसता वजनाला जड. त्या जड ऑक्सिजनचं पाणी मिळतं. लहान सीलबंद बाटलीत येतं आणि फार दुर्मिळ. त्या पाण्यापासून फॉस्फेट तयार केलं की त्याच्या अंगात ती खूण राहते. ते खड्ड्याशी ओतायचं आणि खाली तळ्यात शोधायचं. सापडलं तर वाट सिद्ध झाली. ह्यात किरणं नसतात, विष नसतं. लोकांना किती वेळा सांगितलं असेल.

तयार करायचं काम मात्र वाईट. फॉस्फरस आणि क्लोरीनची एक फिकट पिवळी पूड असते. पाणी लागलं की ती तडतडते आणि पांढरा धूर सोडते. तो छातीत गेला की दोन दिवस खोकला. मॅडम काचेच्या कपाटाआड उभ्या राहून चमच्याच्या टोकाएवढी पूड जड पाण्यात सोडायच्या, आणि मी भांड्याभोवती बर्फ लावत बसायची. आमचे जीपवाले हमीदभाई दारातून म्हणायचे, "मॅडम, ही पूड तेरखेड्याच्या फटाकेवाल्यांना पाठवा, दिवाळी झकास होईल." पूड सगळी विरघळली की धूर काढून टाकायचा, पोटॅश घालून आंबटपणा मारायचा आणि पाणी आटवायचं. खाली साखरेसारखे खडे राहतात. एवढा खटाटोप करून आमच्याकडे ओंजळभरसुद्धा खडे झाले नाहीत. मॅडमनी ते काचेच्या डबीत घातले आणि डबी माझ्या हातात दिली. मला बरं वाटलं. चौथी पास बाईच्या हातात कोण देतं असलं काही.

मोजायचं काम ह्याहून किचकट. तळ्याच्या लिटरभर पाण्यात फॉस्फेट असून असून किती असणार. ते गाळायचं, साका बसवायचा, साका विरघळवायचा, परत गाळायचं, आणि शेवटी चांदीचं पाणी घातलं की फॉस्फेट चांदीला धरून पिवळं होऊन खाली बसतं. हळदीसारखं पिवळं. लिटरभर पाण्यातून मोहरीच्या दाण्याएवढं आलं तरी पुष्कळ. ते सुकवून चांदीच्या इवल्याशा वाटीत मोजून भरायचं आणि बाहेर मोठ्या यंत्राकडे पाठवायचं. यंत्र सांगतं, ह्यात जड ऑक्सिजन किती.

एवढ्याशा पिवळ्यात दुसरं फॉस्फेट मिसळलं तर सगळं गेलं. म्हणून बाटल्या धुण्याला किंमत. साबण, धुण्याची पावडर बिलकूल चालत नाही, कारण त्यात फॉस्फेट असू शकतं. पातळ ॲसिडनं धुवायच्या आणि डिस्टिल पाण्यानं सात वेळा विसळायच्या. मी सात म्हणजे सातच वेळा विसळायची. मॅडम पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "मावशी, साबणाचा हातसुद्धा नको." एकोणीस वर्षांत माझ्या बाटलीला साबण लागला नाही. हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगते, आणि त्याचा काही उपयोग नाही.

ह्या खुणेची एक खोड आहे. जिवंत कशानंही ते फॉस्फेट खाल्लं, मग शेवाळ असो की डोळ्याला न दिसणारे किडे, की खूण पुसली जाते. पोटातून बाहेर पडतं ते साधंच. कानाची कातर भरून यावी तसं. म्हणून पाणी लवकर भरायचं, लगेच बर्फात ठेवायचं. तळं हिरवं असेल तर फारच घाई.

नवरात्राच्या आधी आम्ही ते खडे पाण्यात विरघळवून खड्ड्याच्या चरात ओतले. गावासमोर ओतले. मॅडमचं म्हणणं, लपवायचं काही नाही. मीच ओतले. अण्णा खुर्ची टाकून बसले होते.

"काय ओतायलाव काकू?" त्यांनी विचारलं.

"खतातलंच हाय, अण्णा. नुसती खूण केलीय."

"आमच्या खड्ड्यात खत कमी पडलं व्हय?" ते म्हणाले आणि लोक हसले. मीही हसले.

त्यानंतर दर तिसऱ्या दिवशी आम्ही वरून खाली पाणी भरत यायचो. दसरा झाला. ऊन वाढलं. त्या दिवशी आमच्याकडे धुतलेल्या सहाच बाटल्या होत्या, कारण केंद्रात दोन दिवस वीज नव्हती, म्हणून डिस्टिल पाणी नव्हतं. सहाच्या सहा वरच्या ओढ्यावर आणि विहिरींवर भरल्या. खाली तळ्यावर आलो तर तळं ओळखू येईना. दाराला लावायचा हिरवा रंग डबाभर सांडावा तसं पाणी. वारा पूर्वेचा होता, त्यानं सगळी साय पश्चिमेच्या काठाला आणून लावली होती, आणि जनावरं त्याच काठाला पाणी पितात. गावातल्या दोन म्हशी मरून पडल्या होत्या. बाकीच्या अजून पाण्यात होत्या. हमीदभाई ओरडत खाली पळाले आणि जनावरं हाकायला लागले.

मॅडम बंधाऱ्याच्या बुडाकडून तळ्यात येणाऱ्या झऱ्याकडे बघत होत्या. "मावशी, इथं आज खूण असणार. आजच असणार. एवढं शेवाळ संध्याकाळपर्यंत सगळं खाऊन टाकेल. बाटल्या?"

बाटल्या संपल्या होत्या. केंद्र तासाच्या वाटेवर. मी तानूला फोन लावला. ती दूध घालायला लिटरच्या प्लास्टिकच्या बाटल्या वापरायची.

"तानू, पाच बाटल्या घिऊन ये तळ्यावर. एकदम स्वच्छ पायजेत. आन् साबण लावू नको बरं का. साबण चालत न्हाय."

"माज्या बाटलीला साबण कवा लागलाय?" ती म्हणाली. "दुधाला वास मारतो. आनते."

"आन् म्हशी कुठं हायेत तुज्या?"

"तळ्यावरच की. का?"

मी काय सांगणार होते. ये म्हणाले लवकर. ती दुरडीत पाच बाटल्या घेऊन आली. आरशासारख्या स्वच्छ होत्या. मी एक उन्हात धरून बघितली आणि मॅडमना दाखवली. मॅडम म्हणाल्या, छान. मग मी भरायला बसले, आणि तानूनं आपल्या म्हशी बघितल्या. पुढचं वर लिहिलंच आहे.

दुपारपर्यंत सहा म्हशी मेल्या होत्या. जनावरांचे डॉक्टर आले, त्यांनी पोट उघडून बघितलं, नमुने घेतले. त्यांच्या कागदावर पुढे आलं, विषबाधेची शक्यता. कशाची, ते नाही आलं.

संध्याकाळी मारुतीच्या पारावर गाव जमलं. अण्णा बोलले. आवाज चढवला नाही. "आजवर तळं हिरवं झालं न्हाय का? झालं. म्हशी मेल्या का? न्हाय. ह्यांनी औषध ओतलं आन् मेल्या. ह्याच्यात समजायला अवघड काय हाय?"

मॅडमनी शेवाळाचं सांगायला सुरुवात केली. त्यांची भाषा शहरातली, शब्द कागदावरचे. कुणी ऐकेना. मग मी उभी राहिले.

"म्या ओतलं ते आत्ता ह्या पारावर आना," मी म्हणाले. "म्या तुमच्यासमोर पेते."

तानू कोपऱ्यात बसली होती. ती म्हणाली, "तुमी प्यालात तर तुमीच जाल, अक्का. माज्या म्हशी थोड्याच उठून येतेत."

मॅडमनी तिला शब्द दिला. म्हणाल्या, "ताई, तुमच्याच बाटल्यांत ते पाणी आहे. खूण सापडली की वाट सिद्ध होईल. खड्डा बंद करावा लागेल त्यांना, आणि तुमच्या म्हशींचं काय ते बोलता येईल." तानूनं मान हलवली. त्यानंतर ती रोज सकाळी मला दारातून विचारायची, "आलं का वो?" एवढंच.

आठ-नऊ दिवसांनी त्या पाच बाटल्यांतलं पिवळं खाली बसलं. मी बघितलं आणि मला ते खरं वाटेना. पिवळं फार होतं. नेहमीच्या तिप्पट असेल. पाचही बाटल्यांत. मॅडम आधी खूश झाल्या. मग त्यांचाही चेहरा बदलला. त्यांनी उरलेलं पाणी फेकून एक रिकामी बाटली उन्हात धरली.

"मावशी, ह्या कशानं धुतल्या होत्या?"

"साबण न्हाय लावला, मॅडम. म्या तिला बजावलं होतं."

"मग कशानं?"

मला माहीत होतं. आमच्याकडे दुधाचं भांडं कशानं घासतात ते मला माहीत नसेल तर कुणाला. बाटलीत गोवरीची राख घालायची, थोडं पाणी घालायचं आणि खळाखळा हलवायचं. दोनदा, दिवसातून दोन्ही वेळा. राखेनं दुधाचा चिकटा जातो, वास जातो.

"राखेनं," मी म्हणाले.

मॅडम स्टुलावर बसल्या. राखेत फॉस्फेट असतं, हे मला तेव्हा कळलं. गोवरीच्या राखेत तर असतंच. जनावर चारा खातं, चाऱ्यातलं शेणात येतं, शेण जाळलं तरी ते जळत नाही, राखेत राहतं. प्लास्टिकला आतून जे ओरखडे पडतात त्यात ती बसून राहते, वर दुधाचं असतं ते वेगळंच. मॅडम मला साबणाचं पहिल्या दिवसापासून सांगत होत्या. राखेचं त्यांच्या डोक्यात कधी आलं नाही, कारण त्यांच्या घरी कुणी राखेनं भांडी घासत नाही. आणि माझ्या डोक्यात आलं नाही, कारण राख लावली म्हणजे काही लावलं असं माझ्या घरी कुणी समजतच नाही. राख म्हणजे स्वच्छ.

तरी खात्री करायची म्हणून मी त्याच बाटलीत नुसतं डिस्टिल पाणी भरलं, दिवसभर ठेवलं आणि सगळी कृती परत केली. शेवटी चांदीचं पाणी घातलं. पिवळं आलं. नुसत्या पाण्यातून आलं.

यंत्राकडे पाठवायचं ते पाठवलं. उत्तर आलं, नक्की सांगता येत नाही. खूण असेलही, पण साध्या फॉस्फेटमध्ये इतकी बुडाली होती की शपथेवर सांगण्यासारखं काही उरलं नाही. वरच्या ओढ्याच्या बाटल्यांत खूण सापडली होती. अण्णा म्हणाले, "ओढ्यात तर सापडंलच की. म्या कवा नाही म्हनलो? तळ्यातलं दावा."

तळ्यात आता शोधून उपयोग नव्हता. शेवाळानं सगळं खाऊन टाकलं होतं. मॅडमनी परत जड पाणी मागवलं. वरच्या साहेबांनी लिहून कळवलं की ज्या गावात जनावरं दगावली तिथं पुन्हा काहीही ओतायचं नाही. काम बंद झालं. मॅडमची बदली झाली. जाताना त्या म्हणाल्या, "चूक माझी आहे मावशी. मी विचारायला हवं होतं." मी म्हणाले, "न्हाय, मॅडम." पण मनात म्हणाले, व्हय, तुमची आहे आणि माझीही आहे. आणि दोघींच्या वाटून घेण्यानं तळ्याला काही फरक पडत नाही.

तानूला मी राखेचं सांगितलं नाही. तिनं विचारलं तेव्हा म्हणाले, यंत्राला नीट कळलं नाही. ती म्हणाली, "एवढं मोठं यंत्र, आन् कळंना?" नंतर एकदा तिनं बाटल्या मागितल्या. मी म्हणाले, हरवल्या. हरवल्या नव्हत्या. माझ्याकडे होत्या. मी फोडून टाकल्या असत्या, पण प्लास्टिक फुटत नाही. शेवटी भंगारवाल्याला घातल्या.

सांगायला पाहिजे होतं का, ह्याचा मी फार विचार केलाय. तिनं मन लावून धुतल्या होत्या. मी मागितल्या त्याहून स्वच्छ आणल्या होत्या. तिच्याच हातानं तिचा पुरावा गेला, हे ऐकून तिला काय मिळालं असतं? पण न सांगून काय झालं, तर ती मरेपर्यंत हेच धरून राहिली की आमच्या औषधानं म्हशी गेल्या आणि ते झाकायला मी खोटं बोलले. त्यातलं अर्धं खरंच होतं. मी खोटं बोललेच होते.

म्हशी गेल्यावर तानू अण्णांच्या पोल्ट्रीत कामाला लागली. शेडमधलं खत खरवडायचं, घमेल्यानं खड्ड्यात नेऊन टाकायचं. त्याच खड्ड्यात. मी एकदा म्हणाले, "तानू, तिथंच का गं?"

"अण्णांनी काम तरी दिलं," ती म्हणाली. "तुमच्या मॅडमनी काय दिलं?"

शेडमधल्या धुळीनं तिची छाती भरली. आधीच बारीक बाई, दोन हिवाळ्यांत काडी झाली. शेवटी मीच करत होते तिचं. तेव्हाही सांगितलं नाही. एकदा तोंडापर्यंत आलं होतं. ती म्हणाली, "अक्का, बोलू नका काय, नुसत्या बसा." मी नुसती बसले.

तळं अजून दर वर्षी हिरवं होतं. खड्डा आहे तिथं आहे, आता मोठा झालाय. लोक त्या दिवसांत जनावरं पश्चिमेच्या काठाला नेत नाहीत, एवढं शिकले. मला गावात औषधवाली म्हणतात. तोंडावर नाही म्हणत. केंद्रात आता दुसरी मुलगी आहे. तिला मी जाऊन राखेचं सांगून आले. ती म्हणाली, "आजी, आता कोण राख वापरतं?" तिला मी चार घरांची नावं सांगितली.

त्या दिवशी तळ्यावर पाणी प्यालेल्या सात म्हशींपैकी एक वाचली. ती तानूची तिसरी. त्यानंतर महिनाभर, ती उन्हात उभी राहिली की तिच्या नाकाडावरची कातडी सोलून निघायची. शेवाळाच्या विषानं यकृत बिघडलं की असं होतं, मॅडम म्हणाल्या होत्या. ती पुन्हा गाभण राहिली नाही, म्हणून तिला कुणी घेतली नाही. तानूला जाऊन दोन वर्षं झाली. म्हैस माझ्या गोठ्यात आहे.